अक्कांनी सही केलेला तो अहवाल

श्रीमती शकुंतला मोहिते यांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी मला माझा लॅपटॉप उघडूच दिला नाही. नागपूरहून बंगळुरात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बनशंकरीतल्या त्यांच्या छोट्याशा डिझाइन स्टुडिओत मी मुलाखतीला गेलो होतो आणि बरोबर चाळीस पानांचे रंगीबेरंगी सादरीकरण नेले होते. ते नंतर पाहू, आधी खाली जाऊन अर्धा तास लिफ्टपाशी उभे राहा आणि वर येऊन काय दिसले ते सांगा, असे त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात चरफडलो, पण गेलो. परत येऊन मी सांगितले, की बरेच लोक चुकीचे बटण दाबतात. दार उघडे ठेवायचे असते तेव्हा नेमके बंद करायचे दाबतात आणि आत येणारा बिचारा दारात अडकतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "चुकीचं बटण लोक दाबत नाहीत हो. कुणीतरी ते चुकीच्या जागी लावलेलं असतं. सरी, ठीक आहे, सोमवारपासून या." लॅपटॉप तसाच पिशवीतून घरी गेला.

त्यांना ओळखणारे सगळेच त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणणार आहे. त्यांचे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या घरच्या मराठीत कन्नड इतके मिसळले आहे, की सुरुवातीला मला निम्मे कळायचे नाही. माझ्या मराठीला त्या हिंदी म्हणतात आणि त्यांच्या मराठीला मी कन्नड म्हणतो. बारा वर्षे झाली, हा वाद काही मिटलेला नाही.

अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला विषय आखून दिला आहे: अक्कांचे कार्य, मूल्ये आणि स्नेह. पत्राच्या शेवटी एक नम्र सूचना आहे. 'पाण्याच्या कंपनीचा तो प्रसंग' टाळावा, आनंदाच्या वेळी कटुता नको. समितीतली माणसे सज्जन आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे, पण मी तो प्रसंग टाळणार नाही. अक्कांनी एका खोट्या अहवालावर सही केली, असे आमच्या क्षेत्रात गेली सात वर्षे कुजबुजले जाते. समोर कोणी काही बोलत नाही, पाठ फिरली की मात्र सगळ्यांना कंठ फुटतो. ज्या महाविद्यालयात त्या वर्षानुवर्षे शिकवायला जात, तिथूनही त्यांना बोलावणे यायचे बंद झाले. त्यांच्या नावाला लागलेला हा डाग गौरवग्रंथात पुसायचा नाही, तर कुठे पुसायचा? समितीला लेख नको असेल तर परत पाठवावा. मी दुसरीकडे छापून आणीन.

आधी कार्य. यंत्र माणसासाठी असते, माणूस यंत्रासाठी नसतो, हे आज आमच्या क्षेत्रात पोरेटोरेही बोलतात. अक्का ते पन्नास वर्षांपूर्वी एका सरकारी कारखान्यात बोलत होत्या आणि त्यासाठी शिव्या खात होत्या. तिथे एका यंत्राचा थांबवायचा दांडा इतका उंच होता, की कामावरच्या बायका लाकडी पट्टी लावून तो खाली ओढत. साहेबांनी त्यावर फर्मान काढले, की पट्टी वापरणे ही बेशिस्त आहे. पंचविशीतल्या अक्कांनी टेप घेऊन त्या विभागातल्या प्रत्येक बाईच्या खांद्याची उंची मोजली, आकड्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, की बेशिस्त नेमकी कोणाची म्हणायची, बायकांची की दांड्याची? त्यांची बदली झाली. दोन महिन्यांनी दांडाही खाली आला.

पुढे त्यांनी शिकवले आणि नंतर स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे करतात. गिऱ्हाईक तोंडाने काय मागते ते दुकानदार ऐकतो, पण त्याची नजर असते बाईंचा हात पुन्हा पुन्हा कोणत्या साडीवर जातो तिकडे. हे पाहायला शिका, बाकीचे पुस्तकात मिळेल, असे त्या सांगतात. स्टुडिओत एक नियम कडक आहे. आमचे ॲप कोणी हाताळत असेल तर आम्ही आपले हात पाठीमागे बांधायचे. दाखवायचे नाही, सुचवायचे नाही, सुस्कारासुद्धा सोडायचा नाही. आणि 'तो चुकला' हे शब्द तर तिथे तोंडातून काढायची सोय नाही.

त्यांच्या मायेचा अनुभव मला माझ्या वडिलांच्या निमित्ताने आला. बाबा नागपूरहून येऊन के. आर. पुरम स्टेशनवर उतरले आणि मोबाइलवरून टॅक्सी बोलावणे त्यांना काही जमेना. तासाभराने मी त्यांना घेऊन थेट स्टुडिओत आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "किती वेळा शिकवलं बाबा तुम्हाला." बाबा खाली मान घालून बसले. अक्का उठल्या, वही घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, या फोनला मनसोक्त बोल लावा. मी लिहून घेते." पाच मिनिटांत बाबांची कळी खुलली. नकाशा का कळत नाही, अक्षरे कशी पुसट आहेत, 'हो' म्हणायची जागा कुठे दडवून ठेवली आहे, असे त्यांनी बावीस दोष काढले. अक्कांनी ते भिंतीवर लावले आणि आठवडाभर आम्हाला त्यावर काम करायला लावले. बाबा नागपूरला परत गेले ते बंगळुरात सल्लागार म्हणून बोलावले होते अशा थाटात. त्यांच्यासमोर मी मान खाली घालायला हवी होती हे मला तेव्हा कळले.

आता तो प्रसंग.

शहराच्या कडेच्या काही वसाहतींना पाणी सोडण्याचे काम एका खासगी कंपनीकडे होते. पाणी सोडणाऱ्या माणसांना इथे वॉल्व्हमन म्हणतात. पहाटे लांब लोखंडी चावी घेऊन ते निघतात, रस्त्यातल्या खड्ड्यावरचे झाकण बाजूला करतात आणि गल्लीगल्लीचे पाणी चालू-बंद करतात. कोणता वॉल्व्ह कधी उघडला याची नोंद त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर करावी, असे कंपनीला हवे होते. ते ॲप मी केले. मोठी बटणे, कन्नड अक्षरे, सुबक चित्रे. सहा वॉल्व्हमनना स्टुडिओत बोलावून खुर्च्यांवर बसवले, चहा दिला, मोबाइल हातात दिला. सगळ्यांना झटक्यात जमले. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

अक्का त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे घरी होत्या. आमच्या प्रत्येक अहवालात एक तक्ता असे आणि त्यात एक रकाना असे: 'कामाच्या जागी जाऊन पाहिले.' मी तिथे बरोबरची खूण केली. अक्कांनी फोनवर विचारले, "खड्ड्यापाशी जाऊन पाहिलं ना?" मी म्हणालो, "हो अक्का." मी गेलो नव्हतो. पहाटे उठायचा कंटाळा, याखेरीज दुसरे काहीही कारण नव्हते. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या अक्कांनी माझ्या शब्दावर विसंबून सही केली.

तीन महिन्यांनी कंपनीचा निरोप आला. बसवराज नावाचे एक जुने वॉल्व्हमन आणि त्यांचे तीन सहकारी खोट्या नोंदी करतात, असे कंपनीच्या लक्षात आले होते. घरातून निघण्याआधीच ते सगळ्या वॉल्व्हच्या नोंदी एका दमात करून टाकत. चौघांना कामावरून काढायचे ठरले होते. ॲपमध्ये काही दोष नाही, एवढे अक्कांनी लिहून द्यावे म्हणजे प्रकरण संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. अक्कांनी लिहून दिले नाही. अडुसष्टाव्या वर्षी, दुसऱ्या दिवशी पहाटे, त्या बसवराज यांच्याबरोबर पायी निघाल्या.

पहिल्याच खड्ड्यापाशी त्यांना सगळे कळले. खड्डा गळक्या पाण्याने भरलेला असतो. चावी बसवायला हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो. ओले बोट काचेवर टेकवले की मोबाइल एक तर काहीच करत नाही, नाहीतर भलतेच काही उघडतो. हात सदऱ्याला पुसावेत तर सदराही ओला. म्हणून नोंद जिथे करता येते तिथे, म्हणजे घरी, कोरड्या हातांनी, ही माणसे ती इमानदारीने करून निघत होती. बसवराज अक्कांना म्हणाले, "नोंद नाही केली तर कामचोर म्हणतात, केली तर खोटारडा म्हणतात. पाणी तर मी बावीस वर्षं रोज सोडलंय, अक्का."

कंपनीच्या बैठकीला अक्का एक घमेले आणि पाण्याने भरलेली कळशी घेऊन गेल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. कंपनीच्या प्रमुखांना त्यांनी हात कोपरापर्यंत भिजवायला सांगितले आणि एक नोंद करून दाखवा म्हणाल्या. प्रमुख हसत हसत उठले. मोबाइल आधी ढिम्म राहिला, मग त्याने कॅमेरा उघडून प्रमुखांचाच फोटो काढला. दुसऱ्या अधिकाऱ्यांचीही तीच गत झाली. अक्कांनी विचारले, "आता कामावरून कुणाला काढायचं, ते सांगा."

प्रमुखांचे हसणे विरले. त्यांनी आमचा अहवाल काढला, त्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, की तुम्ही जागेवर जाऊन पाहिले असे इथे लिहिले आहे, मग हे तुम्हाला तेव्हाच कसे दिसले नाही? हे खरे आहे की खोटे?

अक्कांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "हा अहवाल खोटा आहे," त्या म्हणाल्या. "खाली सही माझी आहे. बसवराजअण्णांनी काम करून नोंद केली. आम्ही काम न करता केली. खोटं कोण, ते तुम्हीच ठरवा."

मी टेबलाकडे बघत बसलो. एक शब्द बोललो नाही.

बसवराज आणि त्यांचे तिघे सहकारी कामावर राहिले. आमचे काम त्याच दिवशी काढून घेण्यात आले आणि खोट्या अहवालाची बातमी गावभर होईल याची कंपनीने नीट काळजी घेतली. जाता जाता अक्कांनी सुचवलेला उपाय मात्र त्यांनी गुपचूप उचलला: बटणांचा साधा फोन, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वॉल्व्ह उघडला की एक दाबायचे, बंद केला की दोन. आजही तो चालतो. तो उपाय कोणाचा, हे तिथे कोणी सांगत नाही.

परतताना रिक्षात अक्का मला एवढेच म्हणाल्या, की उद्यापासून महिनाभर पहाटे बसवराजअण्णांबरोबर जायचे. मी गेलो. बसवराज यांना सगळे माहीत होते. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात चावी दिली आणि खड्ड्याकडे बोट दाखवले, बस्स.

त्यानंतर दोनदा मी अक्कांना म्हणालो, की मला हे जाहीर सांगू द्या. दोन्ही वेळा त्यांनी मला उडवून लावले. त्यांचे उत्तर त्यांच्याच तोंडचे देतो, कारण त्यात सगळ्या अक्का आहेत. "तो रकाना मी आखला होता. खूण करायला एक क्षण लागतो आणि जाऊन यायला अख्खी पहाट. असा रकाना ठेवला तर माणूस खूणच करणार. स्वल्प विचार करा, दोष माझ्या कागदाचा आहे." आणि त्यांनी तो कागद खरोखरच बदलला. आता तिथे खूण चालत नाही. कोणाबरोबर गेलात आणि त्यांनी काय सांगितले, हे लिहावे लागते.

अक्का, तुमच्याकडून जे शिकलो त्यावर माझी भाकरी चालते. माणूस चुकत नाही, त्याला चुकवणारी वस्तू शोधा, हे तुमचे सांगणे मी शंभर ठिकाणी पाळले आणि शंभर ठिकाणी ते खरे ठरले. पण इथे मी तुमचे ऐकणार नाही. बसवराजअण्णांना दुसरा मार्ग नव्हता. मला होता. गजर लावायचा आणि उठायचे, इतकाच तो मार्ग होता. तुमचा रकाना कितीही वाईट असो, फोनवर "हो अक्का" म्हणायला त्याने मला सांगितले नव्हते. आणि त्या बैठकीत माझे तोंड कोणत्या कागदाने बंद केले होते? माणसाच्या माथी उगाच दोष मारू नये म्हणून तुम्ही आयुष्यभर भांडलात. म्हणून जिथे दोष खरोखर माणसाचा असेल, तिथे तो त्या माणसाला घेऊ द्या.

पंचाहत्तरी झाली, आता विश्रांती घ्या, असे पुष्कळजण तुम्हाला म्हणतील. मी म्हणणार नाही. तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे कुरकुर न करता तुम्हाला पहाटेच्या रस्त्यांवर नेत राहोत, आणि तुमच्या जिभेची धार तर कमी होणारच नाही, त्याची मला काळजी नाही. हे वाचून तुम्हाला राग येईल आणि तुम्ही मला बोलावून घ्याल. मी येईन. तुम्हाला निरोगी शंभर वर्षे लाभोत आणि उरलेली सगळी वर्षे तुम्ही माझ्याशी यावरून भांडा. दर वेळी मी तुम्हाला हेच सांगेन, आणि आज सगळ्यांसमोर सांगतो: त्या अहवालात खोटे लिहिले ते मी, हेमंत वानखेडे याने. अक्कांनी नव्हे.