मोठ्या आवाजाच्या घरातली मंजू

बोलक्या माणसांचे किस्से सांगून सांगून झिजतात. माझ्यासारख्या गप्प बसणाऱ्यांकडे ते माळ्यावरच्या रद्दीसारखे नुसते साठत जातात. लग्नाला अजून वर्ष नाही झालं, पण मुलुंडच्या सासरचे एवढे साठलेत की मैत्रिणी म्हणतात, "अगं, तोंड उघड ना!"

तर उघडते.

*

पहिल्याच सकाळी मी दचकून उठले. बाहेर प्रचंड भांडण! आता कोणाची बाजू घ्यायची, या काळजीत दार किलकिलं केलं, तर सासूबाई विचारत होत्या, "चहात आलं घालू काय?"

सासरे, म्हणजे आमचे आबा, तीस वर्षं गिरणीत मागांवर होते. संपानंतर घरी बसले, पण मागांची धडधड कानात घेऊनच. त्यांना ऐकू जावं म्हणून सगळं घर टिपेला बोलतं.

खालच्या मजल्यावरच्या शहाबेन मला जिन्यात भेटल्या. "नवी वहू ना तू? काल वालाच्या भाजीत मीठ जास्ती पडला, ना?"

*

घरात एकच माणूस माझ्याशी बोलेना. मोठ्या जाऊबाईंची मंजू, वय वर्षं सात. मी पाठीमागून हाक मारायची, ही आपली भातुकलीत.

"शिष्ट कार्टी!" जाऊबाई ओशाळायच्या. "नव्या काकीवर रुसलीय."

मी रिबिनी आणल्या, लिमलेटच्या गोळ्या आणल्या. रोज तिची वेणी घालताना मागून गप्पा मारायची. उत्तर नाही. एक दिवस उजेडासाठी तिला कपाटाच्या आरशासमोर बसवलं आणि सहज विचारलं, "शाळेत मैत्रीण कोण गं तुझी?"

"सुरेखा. तिच्याकडे मांजर आहे. मांजराला चार पिल्लं झाली, एक काळं आहे..."

थांबेचना! मी हळूच कपाटाचं दार ढकललं. आरसा वळला. पुढचा प्रश्न विचारला.

रेडिओचे सेल संपावेत तशी मंजू बंद.

*

त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. मंजू उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. तिचं वर्गात लक्ष नसतं, शुद्धलेखनात निम्मे शब्द गाळते. असंच चाललं तर पुन्हा दुसरीत बसवावं लागेल.

जाऊबाईंनी मंजूच्या पाठीत धपाटा घातला. रडल्या मात्र दोघीही.

रात्री जेवताना मी म्हटलं, "वहिनी, मंजूला थोडं कमी ऐकू येतं."

कोणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. आमचे हे म्हणाले, "काय गं, पाणी हवंय?"

मग मात्र मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "मंजूला! कमी! ऐकू येतं!"

आबा ताटावरून उडाले. "अगो बाई, हिका आवाज आसा!"

"कमी कसलं?" सासूबाई उखडल्या. "आम्ही बोलतो ते सगळं ऐकते पोर!"

"आई, तुम्ही बोलता ते भांडुपलाही ऐकू जातं!"

सगळ्यात आधी सासूबाईच हसल्या.

*

दवाखान्यात तपासणी. काचेपलीकडे मशीनवर एक बाई, अलीकडे कानाला मोठे हेडफोन लावून मंजू. आवाज आला की हात वर करायचा. मंजूचा हात दर वेळी वर! शंभर नंबरी कान.

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माहेर आठवलं.

मी मंजूला विचारलं, "तुला कसं गं कळतं कधी हात वर करायचा ते?"

"सोप्पं आहे, काकी. त्या बाई बटण दाबताना भुवया उडवतात ना!"

मंजूची खुर्ची उलटी फिरवली. आणि मग खरं काय ते कळलं. डॉक्टर म्हणाले, बहिरी नाही, पण थोडं कमी ऐकू येतं. समोरचं, जवळचं कळतं. मागून, लांबून, गोंगाटात हळू बोललेलं निसटतं. तिला स्वतःला ते कसं कळणार? तिला वाटतं, जग असंच बोलतं. "सततच्या सर्दीने पडद्यामागे पाणी साठलंय. औषध देतो, तीन महिन्यांनी परत दाखवा. तोवर पहिला बाक, आणि बोलताना तिला तोंड दिसू दे. हट्टी नाही हो ही, दिवसभर लक्ष देऊन देऊन दमते."

जाऊबाईंनी घरी येईपर्यंत मंजूचा हात सोडला नाही.

*

आबा मात्र खूश. "अगो, मागांच्या धडधडीत कोणाचा आवाज ऐकू येणार? आम्ही तीस वर्षं ओठांवरच बोललो! बारा माग सोडून पलीकडच्याला, डब्यात काय आणलंस म्हणून विचारायचो."

दुसऱ्या दिवसापासून आबा गॅलरीत, मंजू खाली अंगणात, आणि आवाजाविना गप्पा! बघून बघून मलाही त्या कळायला लागल्या. सासूबाई उलथनं घेऊन धावत बाहेर आल्या. "घरात एवढं शांत का? काय झालं?"

*

वार्षिक परीक्षा संपली आणि मंजूच्या बाई स्वतः घरी आल्या. जाऊबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. सगळं घर, कधी नव्हे ते, चिडीचूप.

"तिसरीत जातेय मंजू," बाई म्हणाल्या. "पहिल्या बाकावर बसवते. शुद्धलेखन घालताना पुस्तकही तोंडासमोर धरत नाही मी आता. माझी तक्रार वेगळीच आहे."

"कसली?" जाऊबाईंचा जीव अजून टांगलेलाच.

"वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि चाळीसच्या चाळीस मुलींची तोंडं चालू! आवाज नाही, काही नाही. मी पकडू कोणाला? कोणी शिकवलं विचारलं, की सगळ्या हिच्याकडे बोट दाखवतात. आता हिला कोणी शिकवलं?"

आबा बाईंच्या मागे खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मंजूकडे बघून नुसते ओठ हलवले. मंजू फिस्सकन हसली. मग मीही.

बाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाले हो ते?"

मी खाली मान घालून, अगदी हळू म्हणाले, "मला काही ऐकू नाही आलं."