एकच दिवा घासला

पोरांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आता तू रिक्षानेच जातेस ना?" ही बातमी तुमच्या बाबाचीच असणार. म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तरी वाचा.

गेल्या दिवाळीत बाबा एकटाच आला होता. मी त्याला पिंपळगावला माझ्या बहिणीकडे घेऊन गेले. गाडी अर्थात मीच चालवत होते. परतताना तिन्हीसांज झाली. हायवेवर पुढे कांद्याचा टेम्पो होता, मागचे दिवे बंद. मला तो उशिरा दिसला. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण घरी येताच बाबाने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"आई, मोतीबिंदू काढला तरी नजर पहिल्यासारखी राहत नाही. गाडी विकू या."

टेम्पो उशिरा दिसला, हे मला मान्यच होतं. उशिरा का दिसला, ते त्याने परस्पर ठरवलं होतं. मी डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नजर छान आहे. बाबा म्हणाला, "दवाखान्यात ट्यूबलाइट असते, आई."

बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "दिलीस किल्ली? मग आता काय, पार्सलने येणार माझ्याकडे?"

तो टोमणा बरोबर लागला. मी खाली गेले आणि गाडीसमोर उभी राहिले. दोन्ही हेडलाइटच्या काचा उन्हाने पिवळट, दुधी झाल्या होत्या आणि आतून थेंब धरले होते. बॉनेट उघडलं. दिव्यांच्या मागची रबरी टोपणं तडकलेली. गाडी धुतली की पाणी आत जात होतं.

शेजारीण म्हणाली, "काकू, टूथपेस्ट चोळा, चकाचक होतं."

"ती दातांसाठी आहे. अजून आहेत मला."

नवी टोपणं आणली. डाव्या दिव्याचं जुनं टोपण काढून गाडी दुपारभर उन्हात ठेवली, उरलेली ओल केस वाळवायच्या ड्रायरने घालवली, मग नवं टोपण घट्ट बसवलं. बाहेरून पाणी लावत पॉलिश पेपरने घासलं, आधी जाड, मग बारीक. काच पांढरीफटक झाली तेव्हा बाबा गॅलरीतून ओरडला, "आई, वाटोळं केलंस!" मी वर बघितलं नाही. पॉलिश केलं आणि शेवटी लॅकरचा हात दिला, नाहीतर उन्हाने काच पुन्हा पिवळी पडते.

उजव्या दिव्याला मुद्दाम हात लावला नाही.

अंधार पडल्यावर बाबाला खाली बोलावलं. कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावायला सांगितले. डावीकडे भिंतीची वीट न् वीट दिसत होती. उजवीकडे नुसता पिवळा डाग.

"माझे दोन्ही डोळे दोन्हीकडे बघताहेत," मी म्हटलं. "तुला काय दिसतंय?"

त्याने उतरून उजव्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "उजवा कधी करणार?"

"तू कर. आणि किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी त्याने केला. टोपण नीट बसवलं, पण विमानाची घाई होती, लॅकर राहून गेलं. आता उजवी काच परत पिवळी पडू लागली आहे. पुढच्या आठवड्यात मीच घासेन.

डावी अजून स्वच्छ आहे. किल्ली स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला आहे. गाडी मीच चालवते.