मैदान वाचवण्याचा मुहूर्त

माळव्यात, धारला आमच्या घरी पूजा केल्याशिवाय कुठलीही नवी गोष्ट सुरू होत नाही. वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यालाही हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता (कंपनीचा माणूस प्रसाद घेऊनच गेला). मैदान वाचवायची मोहीमही तशीच सुरू झाली.

आमच्या गल्लीमागच्या मैदानावर माझी मुलगी मुग्धा रोज संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. तिथे एका कॉलोनायझरने (म्हणजे कॉलन्या काढणारा बिल्डर) डुप्लेक्स बांधायचं मनावर घेतलं.

"बाबा, दुसरं मैदान नाहीये हो. मुली घरी बसतील," मुग्धा म्हणाली. मला ते सहन झालं नाही. जन्मभर पोस्टात शिक्के मारलेला मी त्या क्षणी पुढारी झालो!

ठरलं एवढंच, की रविवारी सकाळी मैदानाच्या कडेने झाडं लावायची आणि फोटो काढायचे. पण बातमी नानाकाकांना लागली (वय पंच्याऐंशी, आमच्या घराण्याचं धर्मखातं). भूमीची क्षमा मागितल्याशिवाय कुदळ मारायची नाही, असं त्यांनी बजावलं. मग गुरुजी आले. गुरुजींना ऊन लागू नये म्हणून मंडप आला. यजमान म्हणून मला सोवळं नेसवलं, वर आजोबांचा फेटा बांधला. कुदळीला पूजेचा लाल नाडा, चौरंगावर कलश, मंत्रांच्या गजरात मी पहिला घाव घातला. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवून पोहे-जलेबी खाल्ली. यायची राहिली होती ती फक्त रोपांची गाडी.

भूमिपूजन वाटावं असा माझा फोटो व्हॉट्सॲपवर गेला आणि तासाभरात इंदूरहून मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, आम्हाला कोपऱ्याचंच डुप्लेक्स द्या हं. बाकी कोणाला कबूल करू नका."

मी समजावत होतो, तोवर फोटो कॉलोनायझरपर्यंत पोचला. आपल्या आधी हा कोण फेटेवाला बिल्डर उपटला, म्हणून तो इतका भडकला की सोमवारी त्यानेच तहसीलीत तक्रार ठोकली. लगेच नोटीस आली. विनापरवाना कॉलनी काढणारा म्हणून माझं नाव, पुरावा म्हणून माझा फोटो, आणि निकाल लागेपर्यंत त्या जमिनीवर कोणीही वीटसुद्धा ठेवायची नाही असा हुकूम.

मी तडक वकिलाकडे गेलो आणि काहीही करून मला सोडवा म्हणालो. त्याने नोटीस दोनदा वाचली.

"भिया, बरी तो मैं आपको एक तारीख में करा दूँ. पर आप छूटे, तो मैदान से रोक भी छूटी."

परतताना मुद्दाम मैदानावरून आलो. मुली खांबाला वळसे घालत धावत होत्या, मुग्धा ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. मला फार बरं वाटलं. त्याच दिवशी मी निर्दोष सुटायचा विचार सोडून दिला.

याला आता दोन वर्षं होतील. कॉलोनायझरच्याही लक्षात सगळा घोळ आलाय. मी सज्जन आहे हे सिद्ध करायला त्याने परवा इंदूरहून बडा वकील आणला. मीही हटलेलो नाही. दर तारखेला जमेल तितका लबाड चेहरा करून तहसीलदार मॅडमसमोर उभा राहतो.

बायको म्हणते, त्यासाठी मला फारसे कष्ट पडत नाहीत.