भोक दिसलं म्हणजे अळी निघाली

"चिरा! पुरतं चिरा म्हणतो मी! भोकं पाडून कोनाचं भलं झालं हाय आजपावतर?"

हा आवाज माझा. नागपूरच्या एका दवाखान्यात सर्जन मॅडमसमोर उभा राहून मी ओरडत होतो. आवाजाचं म्हणाल तर मी आसेगावच्या मळ्यातून हाक मारली की मंगरूळपीरच्या बाजारातले बैल कान टवकारतात. मॅडमच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकत कडेला आला, हे मी स्वतः पाहिलं. बाजूला खुर्चीत माझी बायको बसली होती. तिच्या स्वादुपिंडाच्या शेपटाला गाठ निघाली होती. असा काही अवयव माणसाच्या पोटात असतो, आणि त्याला वर शेपूटही असतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मॅडम शांत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, शेपटाकडचा भाग गाठीसकट काढायचाच आहे. पोट उघडून काढता येतो, तसाच दुर्बिणीतूनही काढता येतो. दुर्बिणीत चारदोन लहान छिद्रं, आणि गाठ पिशवीत घालून बाहेर काढायला थोडा मोठा छेद. रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. जोखीम दोन्हींत आहे. आत अडचण आली तर मी पोट उघडेन, तेव्हा हट्ट करणार नाही."

हट्ट मीच करत होतो. उभा जन्म वांग्यात गेला माझा. आमची वांगी अशी, की एक शिजवलं तर वऱ्हाडाची पंगत उठते. पण वांग्याला बारीक भोक दिसलं, की माझा जीव खालीवर होतो. वरून कसं तुकतुकीत, आणि चिरावं तर आत अळीनं सारं पोखरलेलं. मग बायकोच्या पोटाला भोकं पाडतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास कसा ठेवावा? उघडं करा, डोळ्यांनी पाहा, नासकं तेवढं काढून फेका, हा आमचा न्याय.

बायको एवढंच म्हणाली, "यायनं हो म्हटल्याबिगर मी टेबलावर चढनार नाई." म्हणजे तिचा जीव माझ्या जिभेवर येऊन बसला. मॅडम म्हणाल्या, विचार करा, पण फार दिवस नको.

मी बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो. आमच्या विहिरीवर आसरा आहेत, पाण्याच्या देवी, शेंदूर लावलेले सात दगड. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या तोड्याची वांगी बायको त्यांच्यापुढे ठेवते. मी आपला लांबूनच हात जोडणारा. त्या दिवशी मात्र डोळे मिटून म्हटलं, माय, तुझी ही लेक वाचव. काय करू ते तूच सांग, माझं डोकं चालत नाही. गावात माझ्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचा आहे, पण तेव्हा माझ्या घशातून शब्द निघत नव्हता.

"भाऊ, मघाशी तुमीच वरडत होते ना?"

डोळे उघडले. बाजूला हिरव्या लुगड्यातली एक बाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. ओळख ना पाळख. म्हणाली, "तिकडं जिन्यापर्यंत आयकू आलं. काहून भेता भोकाले?" मी वांग्याचं सांगितलं. ती हसली. "वांगं लावता, अन् इतकं ठाऊक नाई? अळी आत घुसते ते भोक दिसतच नाई, बारीक असते, बुजून जाते. आपल्याले दिसते ते तिचं बाहेर निघाचं. भोक दिसलं म्हणजे अळी निघाली, बाप्पा."

एवढी वर्षं मी अळी घुसली म्हणून ज्या भोकाला शिव्या घातल्या, ते ती निघून गेल्याचं होतं! भाकरीचा तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, उठलो, मॅडमना सांगितलं, "ताई, तुमाले जसं बरोबर वाटन तसं करा." परत व्हरांड्यात येऊन पाहतो तर बाकावर कोणी नाही. सगळा दवाखाना पालथा घातला. गच्चीसुद्धा सोडली नाही.

मॅडमच्या हातांचं काय सांगावं! पडद्यावर पाहत, बाहेरून लांब दांड्या हलवत, त्यांनी आतली गाठ काढली. आमच्याकडे डोळ्यांसमोरच्या सुईत दोरा जात नाही. पोट उघडायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी बायको भिंत धरून चालली, आणि मी असा रडलो की फरशी पुसायला माणूस बोलवावा लागला. पुढे तपासणीचा निकाल आला, गाठ पुरती निघाली होती. पोट उघडावंच लागतं असेही रोगी असतात, मॅडमनी सांगितलं. कुठं काय, हे जाणणाऱ्यानं ठरवावं. आपण हात जोडावे आणि बाजूला सरावं, एवढं मी शिकलो. ओरडणाऱ्याला देव ऐकू येत नाही. मी गप्प झालो तेव्हाच कोणी तरी बोललं.

गावात मी सांगत सुटलो, आसरा नागपूरला आली होती, एस. टी.नं नाही, पाण्यावरून चालत. एक दिवस विहिरीच्या काठावर बायको मेथी निवडत होती. मी विचारलं, "खरं सांग, कोन असन वं ते बाई?"

तिनं काडी बाजूला टाकली. "कोनी का असेना. मी घरी आली ना."