गुरुनाथच्या मनगटावरचा दोरा

गुरुनाथ सांगलीहून ऑकलंडला शिकायला आला, अवोन्डेलच्या बाजारात भाजीच्या पेट्या उचलत शिकला, आणि आता विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिनं एका फ्रेंच कंपनीची. तीच कंपनी रॉकेटचीही इंजिनं करते, हे पाहुण्याच्या हातात चहा पडायच्या आत त्यानं सांगून झालेलं असतं. बायको स्नेहलता म्हणते, "माझ्या माहेरचं एवढं कौतुक कधी केलं नाहीस."

इंजिनात काही पडू नये म्हणून कामावर अंगठीसुद्धा चालत नाही. पण सत्यनारायणाच्या पूजेला बांधलेला लाल दोरा तोडायचा कसा? तो आपोआप गळू द्यायचा असतो. म्हणून गुरुनाथ तो रोज बाहीखाली दडवून कामावर जाई. एका दुपारी जेवायला बसताना बाही वर केली, तर मनगट मोकळं.

सकाळभर हात इंजिनात होते. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या विमानात माणसं बसणार. तो उठला नि सुपरवायझर रावीरीकडे जाऊन खरं ते सांगून मोकळा झाला.

रावीरी रागावला नाही, हेच जास्त भीतीचं. "दोरा सापडेपर्यंत विमान हलणार नाही. नाहीतर अख्खं इंजिन उघडायचं."

"आणि माझी नोकरी?"

"आधी दोरा."

गुरुनाथनं घरी फोन लावला. "गादी झटक, बाथरूममध्ये बघ."

"सगळं बघून झालं," स्नेहलता म्हणाली. "तुझा हरवलेला मोजा तेवढा मिळाला."

"मोजा राहू दे गं."

"थांब. सकाळी कणीक कुणी मळली?"

"मी."

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आहे. गोळ्यात रुतून बसलाय, गाठीसकट. सैल होता, हातावरून निसटला असणार."

माउंट रॉस्किलच्या घरून ती कणकेचा डबाच घेऊन आली. रावीरीनं दोरा सोडवून गाठ पाहिली. कुठं तुटलेला नव्हता. तरी इंजिनात कॅमेरा घालून पाहिलंच. आत सगळं स्वच्छ.

"उद्यापासून हात रिकामे," तो म्हणाला. "नेहमीच्या वेळेला ये."

गुरुनाथ गाडीत स्नेहलताशेजारी येऊन बसला.

"देवाला राग नाही ना येणार?" त्यानं विचारलं.

"देवाचं मी बघते. तू आधी पाणी पी."

त्यानं अख्खी बाटली रिकामी केली.