अभयचा वजनकाटा आणि शिरीषची उशी

जर्मनीतल्या येनात तेव्हा आमची मराठी घरं मोजकीच होती. त्यामुळे कोणाकडेही पोहे झाले की तीच माणसं आणि तेच किस्से. दर वेळी किश्शाला थोडं तिखटमीठ लागतं, आणि पाचव्यांदा ऐकणारा पहिल्यांदा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसतो. झाडावरचे किस्से मात्र मी तिखटमीठ न लावता सांगते. तरीही कोणी विश्वास ठेवत नाही, मग मेहनत कशाला घ्या!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. माझा नवरा शिरीष आणि त्याचा मित्र अभय, दोघेही मेकॅनिकल इंजिनिअर, दोघेही पुण्याचे. शनिवारी पहाटे उठून हे दोघं जंगलात जायचे आणि झाडाला लटकायचे. रागाने म्हणत नाही, खरंच लटकायचे.

याचं मूळ हेर विंकलर; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. आमचे शेजारी, भिंगांच्या कारखान्यातून रिटायर झालेले आणि परवानाधारक शिकारी. त्यांना कोण्या अमेरिकन ओळखीच्याने झाडावर बसायची दोन खोगिरं पाठवली होती. म्हणजे कमरेखाली घ्यायचा एक रुंद कापडी पट्टा. तो दोराने खोडाला बांधायचा, पाय एका छोट्या फळीवर, गुडघे खोडाला टेकलेले, आणि मागे रेलून तासन् तास बसायचं. विंकलरांना स्वतःचं लाकडी मचाण होतं, त्यांनी दोन्ही खोगिरं आमच्या दोघांना देऊन टाकली आणि आपल्या राखीव जंगलात बसायची परवानगीही दिली. अट दोनच: झाडाला खिळा मारायचा नाही आणि हातात कॅमेऱ्याशिवाय काही घ्यायचं नाही.

बघायचं होतं रानमांजर. थुरिंगियाच्या जंगलात ते आहे, पण दिसत नाही. जाड शेपटी, तिच्यावर काळी कडी, टोक बोथट. अभय येनात आला तो पहिला हिवाळा त्याने एकट्याने काढला, त्याची बायको मंजिरी नंतर आली. त्या हिवाळ्यात विंकलरांनी त्याला या मांजराबद्दल सांगितलं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. परक्या गावात माणसाला एक काहीतरी आपलं लागतं. अभयला ते मांजर होतं, अजून न दिसलेलं.

*

अभयचं ऑफिसातलं काम गाड्यांचे भाग हलके करणं. माणूस संध्याकाळी घरी येतो, काम येत नाही, असं आपण समजतो. अभयच्या बाबतीत दोन्ही यायची.

त्याने स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ताब्यात घेतला. खोगिराचं वजन झालं, दोराचं झालं, बुटांच्या नाड्यांचं झालं. खोगिरावर धुण्याच्या सूचनांची पट्टी होती, ती कापली. मग खाण्याची पाळी आली. अंडी उकडून घरीच सोलायची, कारण टरफल कोण वाहणार. संत्रं सोलूनच घ्यायचं. खजुराच्या बिया काढायच्या.

एकदा मंजिरीने त्याला डब्यात दोन लाडू दिले. त्याने एक काट्यावर ठेवला, आकडा बघितला आणि तिथेच उभ्या उभ्या दोन्ही खाऊन टाकले. म्हणाला, "आता हे बॅगेत नाहीत."

मंजिरी म्हणाली, "पण वर तर तेवढेच जाणार आहेत ना?"



*

शिरीषचा पक्ष उलटा. त्याचं म्हणणं, माणूस झाडावर बसणार असेल तर तो बसलेला असला पाहिजे, शिक्षा भोगत असता कामा नये. खोगिरात बसलं की दोन्ही बाजूंनी कंबर आवळते आणि गुडघे सालीवर घासतात. म्हणून त्याने माझ्याकडून जुन्या गोधडीचे गुडघ्याचे दोन पॅड शिवून घेतले. पाठीला उशी. चहाचा थर्मास, आणि तो संपला तर दुसरा थर्मास. थालीपिठं, लोणी वेगळ्या डबीत. लोकरीचे मोजे दोन जोड. शिवाय वाचायला दिवाळी अंक, दोन वर्षांपूर्वीचा.

एका शनिवारी तो हे सगळं पाठीवर घेऊन चढणीवरून हाशहुश करत आला. विंकलर मचाणाखाली उभे होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्याच्या ठरलेल्या बीच जातीच्या झाडाकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हेर काळे, या पत्त्यावर आनमेल्डुंग केलंत का?"

घर बदललं की राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन नोंद करायला लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. नवीन आलेल्या माणसाची झोप त्यात उडते. शिरीष बिचारा क्षणभर खरंच घाबरला.

*

एवढं झाल्यावर अभयला वाटलं, आता शास्त्र सिद्ध करून दाखवायलाच हवं. त्याने खोगिराच्या आतलं मऊ अस्तर उसवून काढलं. पायाखालची फळीसुद्धा घरी ठेवली, खोडाला बांधलेल्या नुसत्या पट्ट्यावर पाय टेकवायचे ठरवलं. त्या दिवशी त्याची बॅग इतकी हलकी होती की तो ती एका बोटावर लटकवून चालत होता आणि मागे वळून वळून शिरीषकडे बघत होता.

दुपारी खाली उतरला तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. उभा राहिला आणि सावकाश गवतात बसला. परत उभा राहिला, परत बसला. शेवटी एका बाजूने शिरीष आणि दुसऱ्या बाजूने विंकलर, अशी वरात गाडीपर्यंत आली.

शिरीष अजून सांगतो, "त्या दिवशी अभयचं सामान सगळ्यात हलकं होतं. उचलायला फक्त दोन माणसं लागली."

अस्तर मंजिरीने परत शिवून दिलं. 

*

मधे एकदा शिरीषला रानमांजर दिसलं. त्याने झाडावरूनच अभयला खुणा केल्या, धडाधड फोटो काढले. अभयच्या झाडावरून फांद्यांमुळे काही दिसेना. तो इतका तळमळला की दोर सोडून पलीकडे वाकायला निघाला होता. शिरीषने डोळे वटारले म्हणून थांबला.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. मांजराच्या गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू. खालच्या गावातल्या बेकरीतली मित्सी होती. लोण्याच्या वासावर आली होती.

आम्ही सगळे हसलो. अभयही हसला, पण मग उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या कंपनीने पुण्यात नवीन प्लांट काढला होता आणि ऑक्टोबरअखेर त्याला कायमचं परत जायचं होतं, हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. तीन वर्षं एखाद्या गोष्टीची वाट बघायची आणि शेवटी बेकरीचं मांजर!

*

त्या उन्हाळ्यात माझे सासरे आले होते. अण्णांना हे प्रकरण बघायचंच होतं. आम्ही त्यांना घडीची खुर्ची दिली आणि विंकलरांच्या शेजारी मचाणाखाली बसवलं. अण्णांनी मान वर करून दोन्ही इंजिनिअर नीट न्याहाळले. एक उशीसकट, एक उशीशिवाय.

मला हळूच म्हणाले, "वृंदा, मांजर येणार कुठून? झाडावरून की खालून?"

म्हटलं, "खालूनच, अण्णा. मांजर जमिनीवरच फिरतं."

"मग हे दोघं वर काय करतायत?"

विंकलरांनी विचारलं, तुमचे सासरे काय म्हणतात. मी भाषांतर केलं. विंकलरांनी वर बघत मनातल्या मनात हिशेब केला. अमेरिकेतून आलेली खोगिरं, दोर, पट्टे, तीन वर्षं. मग म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

या शब्दाचं भाषांतर अण्णांना लागलं नाही. मग धीर करून मी विंकलरांनाच विचारलं, तुमचं मत काय, हलकं बरं की आरामाचं? त्यांनी बोटाने मचाणाकडे दाखवलं. "माझी उशी मी पूर्व जर्मनीच्या काळातच वर नेऊन ठेवली आहे."

*

ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. शिरीषने अट घातली की आज अभयने त्याच्या पद्धतीने बसायचं. आठवडाभर खोकी भरून अभय इतका दमला होता की त्याने वादच घातला नाही. गोधडीचे पॅड गुडघ्यांना, उशी पाठीला, थर्मासमधला आल्याचा चहा पोटात. वर बसल्यावर तो म्हणाला, "अरे, असं बसतात होय."

दुपारी दोघं परत आले. अभय म्हणाला, काही दिसलं नाही.  शिरीष कॅमेरा पुसत बसला. अभय घरी गेल्यावर शिरीषने मला कॅमेऱ्यात काहीतरी दाखवलं आणि कोणाला बोलू नकोस असं बजावलं. दुसऱ्या दिवशी विंकलरांनी तो फोटो भिंग लावून तपासला आणि पहिल्यांदाच शिरीषची पाठ थोपटली. फ्रेम त्यांनी स्वतः केली, ओकच्या लाकडाची. हलकं काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. मंजिरी आधीच पुण्याला पोचली होती. अभयची बॅग अर्थातच घरून मोजून आणलेली, विमान कंपनीच्या मर्यादेला टेकलेली. वरून एक रुमाल मावला नसता. शिरीषने फ्रेम त्याच्या हातात ठेवली. अभयने ती आधी हातात तोलली, चेहरा पाडला आणि मग कागद काढला.

बीचचं झाड. खोडाला टेकून, उशीवर गाल ठेवून, तोंड उघडं टाकून अभय गाढ झोपलेला. आणि बरोबर त्याच्या खाली, मुळांवर, जाड शेपटीचं रानमांजर. मान वर करून त्याच्याकडे बघत बसलेलं.

अभयने फ्रेम डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाला, "उठवलं का नाहीस मला?"

"उठवलं असतं तर ते गेलं असतं."

"किती वेळ होतं?"

"पुष्कळ," शिरीष म्हणाला. "तुलाच बघत होतं."

अभयने पुन्हा एकदा फोटो बघितला. मग तो काउंटरसमोर खाली बसला आणि बॅग उघडली. मागची रांग कुरकुरायला लागली. त्याने खोगीर, दोर, पट्टे, सगळं बाहेर काढून शिरीषच्या हातात कोंबलं आणि फ्रेम दोन स्वेटरांच्या मधे ठेवली. बॅग पट्ट्यावर चढली. काउंटरवरच्या बाईंनी आकडा बघून मान हलवली, अजून थोडं जास्त होतं.

अभयने बॅग परत खाली घेतली. आतून वजनकाटा काढला आणि माझ्या हातात दिला.