हिरव्या बांगड्यांची आवई

आमच्या कॉलनीत कुठलीही आवई उठली की मी आधी विचारते, तुला कुणी सांगितलं? उत्तर ठरलेलं: मावसबहिणीच्या शेजारणीनं, नाहीतर नवऱ्याच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी बायकोनं. सांगणारं माणूस नेहमी एक घर पलीकडचं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्या आणणाऱ्यांवर त्याहून नाही.

दोन-चार वर्षांनी एकदा बांगड्यांची आवई येते. यंदाचा महिना एकुलत्या मुलांना वाईट, तेव्हा अमकीनं तमकीला हिरव्या बांगड्या भराव्यात. कधी नणंदेनं भावजयीला, कधी जावेनं जावेला. यामागे बांगडीवालेच असणार, असं माझं पक्कं मत होतं.

गेल्या श्रावणात सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. दारात माझी धाकटी जाऊ. देवळ्याहून एसटीनं एकटीच आलेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बांगड्या. आम्ही सहा वर्षं बोलत नव्हतो. सासूबाई शेवटचं वर्ष माझ्याकडे होत्या, आणि त्यांना घास गिळवत नव्हता. दहाव्याला, गोदाकाठी, सगळ्या भाऊबंदांसमोर हीच म्हणाली होती, "ताईंनी आईला उपाशी मारलं." ते मी एक दिवसही विसरले नव्हते.

"आमच्याकडं लय चाललंय, ताई," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "एकच पोरगा असला तर थोरल्या जावेनं हिरव्या बांगड्या भरायच्या. मला एकच हाय ना."

तिला आत ये म्हणायला मी मुद्दामच वेळ लावला. हिला हवंय तरी काय? वाटणीच्या कागदावर यांची सही? का पोराला इथं अंबडच्या कारखान्यात नोकरी लागलीय म्हणून त्याला आमच्या गळ्यात मारायचंय? ती पाणी प्यायला लागली तेव्हा मी तिच्या पिशवीत डोकावून घेतलं. एक छत्री होती, बाकी काही नाही.

बांगड्या भरायला बसले. कांद्याच्या शेतात राबून तिचे हात राठ झाले होते, बांगडी अंगठ्याशी अडायची. साबण लावला. तरी एक पिचलीच. "वाढली," ती हळूच म्हणाली आणि दुसरी पुढे केली.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"सगळ्याच म्हणत्यात."

"सगळ्या म्हणजे कोण?"

तिनं दुसरा हात पुढे केला. मग म्हणाली, "आन् थोरलीच्या घरी जेवायचं असतं. पोटभर. नाय तर लागू पडत नाय."

हे जेवणाचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. संशय वाढला, तरी पान वाढलं. भाकरी, शेपूची भाजी, वरण-भात. ती मान खाली घालून जेवली, स्वतःहून दोनदा भात मागून घेतला. ताट घासून ठेवलं आणि तीनच्या गाडीनं गेली. कागद नाही, पोराचं नाव नाही, कसलं मागणंही नाही. याचाच मला जास्त वहीम आला.

संध्याकाळी मी थेट बाजारातल्या बांगडीवाल्या चाचीकडे गेले. म्हटलं, यंदा पुन्हा सोडलीत का पुडी? एकच मुलगा असला तर बांगड्या भरून वर जेवायचंही म्हणे.

"काय नाय उठलं यंदा," चाची म्हणाली. हिरव्या बांगड्यांचे डबे तिनं माझ्यापुढे सरकवले, सगळे भरलेले. "उठलं असतं तर हे राहिले असते का, बाई? आन् चूडी के साथ खाना? माझ्या सासूच्या वेळेपासून असं ऐकलं नाय."

म्हणजे तिनं ते एकटीनं रचलं होतं. बोललेले शब्द मागे घ्यायला तिची जीभ रेटत नसणार, म्हणून माझ्या घरी बसून पोटभर जेवून गेली. आणि मी तिची पिशवी तपासली होती. मला माझीच शरम वाटली. भर दुकानात रडू आलं, ते मी पदरानं पुसलं.

बांगड्या भरायला बसलेल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "काय करायचं असतं म्हणालात, ताई? मला पण एकच मुलगा आहे."

"थोरल्या जावेकडे जाऊन हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या," मी म्हणाले. "देवळ्याकडे सगळीकडे चाललंय."

चाचीनं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हिरव्या बांगड्यांचा एक डबा त्या बाईपुढे सरकवला.

त्या बाईचा चेहरा उतरला. "आमचं बोलणं नाही हो. नुसत्या बांगड्या भरून आलं तर चालेल का?"

"नाही," मी म्हणाले. "जेवावंच लागतं."